हमीदाचा पितळी गुंड

हमीदा, तुझा पाणी भरायचा पितळी गुंड गेल्या आठवड्यात अकोल्याला निघाला होता. तुझ्या लेकाने, सलीमने, तो चिंच लावून घासला, मोटरसायकलच्या मागे दोरीने बांधला आणि किक मारायला पाय उचलला होता. त्याला त्या गुंडाचा पोचा काढून आणायचा होता. मी शाळेतून घरी येत होते. ते पाहिलं आणि भर रस्त्यात ओरडले, "सलीम, सोड तो गुंड! खाली ठेव आधी!" तू असतीस तर ओट्यावर बसून पोट धरून हसली असतीस. ज्या पोच्यावरून मी इतकी वर्षं तुझं डोकं खाल्लं, तोच वाचवायला मी उन्हात चपला फटफटवत धावत होते.

पुढे काय झालं ते तुला सांगायचं आहे, म्हणून ही वही काढली. तुझा जन्म कधीचा, शिक्षण किती, मागे कोण कोण, असलं काही मी लिहिणार नाही. जन्मतारीख तुझी तुलाच ठाऊक नव्हती. आणि खरं सांगू, मला फार थकवा आला आहे. शाळेत फळ्यासमोर उभी राहते आणि पुढचं वाक्य विसरते. पोरं म्हणतात, बाई, बसून शिकवा. मी बसते.

आपलं गाव कुठलं म्हणून कुणी विचारलं की तू दर्यापूरचं नाव घ्यायची नाहीस, अकोल्याचंही नाही. "खाऱ्या पान्याचं," म्हणायचीस. बोअर मारली की खारंच लागायचं. त्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, चहात दूध घातलं की फाटतं. मी नवी मास्तरीण म्हणून गावात आले तेव्हा पहिल्याच दिवशी तुझ्या दारात फाटलेल्या चहाचं पातेलं घेऊन उभी राहिले होते. तू पातेल्यात डोकावलीस आणि म्हणालीस, "बोअरच्या पान्याचा केला ना? बह्याड बाई! थांब, माया घरचं पानी देतो." तू दिलेलं ते गडवाभर गोडं पाणी मी किती सहज चहाला उकळून टाकलं! ते कुठून येतं, कसं येतं, तेव्हा मला माहीत नव्हतं.

मग टँकरची वर्षं आली. कापूस घरात पडून राहायचा, विकला तरी विकल्यासारखा वाटायचा नाही. पेपरात रोज आपल्या जिल्ह्यांची नावं यायची. ती कशासाठी येतात ते पोरांना समजावून सांगायला मला जमेना, म्हणून मी शाळेत पेपर आणणं बंद केलं. गावात गाड्या यायच्या, साहेब लोक उतरायचे, फोटो काढायचे, आणि जाताना बाटलीतलं पाणी पिऊन रिकामी बाटली आपल्याकडेच टाकून जायचे. तू त्या बाटल्या गोळा करून त्यात तीळ आणि जवस भरून ठेवायचीस.

आपल्या आळीचं सिमेंटचं टाकं तुझ्या दारासमोर, म्हणून वाटप तुझ्या गळ्यात पडलं. मानाचं काम नव्हतंच ते. सुरुवातीला नुसती मारामारी होती. कुणी हंडा आणायचं, कुणी बादली, कुणी तेलाचा पंधरा किलोचा डबा. ज्याचं भांडं मोठं त्याची चैन. एक दिवस दोघींनी एकमेकींच्या झिंज्या धरल्या, तेव्हा तू घरातून तुझा गुंड आणलास आणि टाक्याच्या काठावर आदळलास. "आता याच्यानंच. मानसी एक गुंड. ज्याले परवडत नाई थ्यानं बोअरवर जा." तुझा आवाज असा होता की टँकरचा ड्रायव्हरसुद्धा गाडीतून खाली उतरला.

तो गुंड तुझ्या आंदणातला. धामणगावहून पॅसेंजरने मूर्तिजापूरला उतरलीस, तिथून बैलगाडीत बसलीस, आणि गावाच्या अलीकडच्या वळणावर गुंड गाडीतून घरंगळला, तो थेट चाकाखाली. नशीब, फुटला नाही. पण एका बाजूने त्याचं पोट आत गेलं ते गेलंच. सासऱ्यांनी म्हटलं, काढू पोचा कधीतरी. त्यांचं 'कधीतरी' त्यांच्याबरोबर गेलं, मग तुझ्या नवऱ्याचं, हुसेनभाईंचं, त्यांच्याबरोबर. तू म्हणायचीस, "बरंच झालं. कमरेवर कसा फिट बसते पाय!" आणि खरंच, पोच्याची बाजू कमरेला लावून तू चाललीस की तो गुंड तुझ्या मापानेच घडवल्यासारखा दिसायचा.

ते तालुक्याचे साहेब आठवतात? हातात पॅड, कानाला पेन. टाक्यापाशी उभं राहून त्यांनी विचारलं, "माणशी किती लिटर पाणी मिळतं?"

तू म्हणालीस, "एक गुंड."

"लिटरमध्ये सांगा."

"गुंड मंजे गुंड, साहेब. भरला का एक, उपडा केला का सुन्य."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्या वेळी तोंडाला पदर लावून हसत होते, त्यामुळे उपयोगाची नव्हते. मग त्यांनी लांबूनच गुंडाकडे नजर टाकली. चांगली बाजू त्यांच्याकडे होती, पोचा तुझ्याकडे. "असेल वीस लिटरचा," म्हणाले आणि लिहून टाकलं. तेव्हापासून आपल्या आळीच्या शंभर माणसांसाठी टाक्यात दोन हजार लिटर पडायला लागलं. कागदावर हिशेब अगदी चोख होता.

मी चौथीला लिटर-मिलिलिटर शिकवत होते. एक लिटर म्हणजे हजार मिलिलिटर, हे पोरांनी शंभरदा घोकलं. पण त्यांच्या घरात लिटर कुठेच नव्हता. दूध शेरानं, ज्वारी पायलीनं, पाणी गुंडानं. सगळा वर्गच एक दिवस मागे लागला, "बाई, एक गुंड मंजे किती लिटर?" मला ते गणित फार आवडलं. गणिताच्या पेटीतलं लिटरचं माप घेतलं आणि दुपारी तुझ्या अंगणात आले. बोअरचं खारं पाणी घेतलं, गोडं वाया कशाला घालवा. तू गुंड धरलास, मी माप ओतत गेले. सतरा मापं ओतली, अठराव्यातलं थोडं गेलं आणि गुंड काठोकाठ भरून वाहायला लागला.

मी म्हटलं, "हमीदा, हा वीसचा नाही. सतराचा आहे."

तू काठावरचं सांडलेलं पाणी पदराने टिपत होतीस. वर न पाहता म्हणालीस, "असंन."

"तुला माहीत होतं?"

"आकडा नोता माईत. शिल्लक माईत होती."

तिथून आपलं भांडण सुरू झालं, ते संपलंच नाही. मी फरशीवर खडूने गणित मांडलं. माणशी तीन लिटर कमी. पाच माणसांच्या घराला पंधरा लिटर कमी. म्हणजे एका घराचं स्वयंपाकाचं आणि प्यायचं पाणी. सगळ्या आळीचं धरलं तर टाक्यात दर वेळी तीनशे लिटर उरतं, आणि ते तू तुझ्या मर्जीने वाटतेस. "हे बरोबर नाही. लोकांना वीस मिळतात असं लिहिलंय, हातात पडतात सतरा. त्यांना सांगायला पाहिजे."

तू खडूच्या आकड्यांवरून झाडू फिरवलास. "मास्तरीन, तुया लिटरात शिल्लक राह्यत नाई वं. गुंडात राह्यते. वीस-वीस वाटून देल्ले आन उद्या कोनाच्या घरी लेकरू झालं, मंग? कोनाच्या घरी मयत झाली, पाव्हने आले, मंग? थ्यायच्या मडक्यात मी काय टाकू, तुया खडू?"

"मग सगळ्यांना विचारून वाट."

"विचारलं का भांडन. न सांगता देल्लं तं देल्लं. कोनाले सांगू नको. तुले माया सलीमची कसम हाय."

कसम घातलीस म्हणून मी बोलले नाही. पण पटलं कधीच नव्हतं. मोठ्या मनाच्या माणसाच्या हातात शिल्लक असली तर ठीक, आणि लहान मनाच्या हातात गेली तर? तूही काही संत नव्हतीस. वेणूबाईच्या कोंबडीने तुझं वाळवण उष्टं केलं, तर अख्खा उन्हाळा तू तिच्या घराकडे शिल्लक वळवली नाहीस. मी म्हटलं तेव्हा तोंड वर करून म्हणालीस, "थिच्या कोंबडीले इचार." मग पावसाळ्याच्या तोंडावर तिच्या सुनेचे दिवस भरले, आणि टँकरचा दिवस असो नसो, तू टाक्यातली शिल्लक आणि वर स्वतःच्या रांजणातलं पाणी तिच्या घरी नेऊन ओतलंस. भांडण तरीही मिटवलं नाहीस. पाणी ओतलंस आणि न बोलता परत आलीस.

मी दर्यापूरहून वीस लिटरचा प्लास्टिकचा कॅन विकत आणला होता, त्यावर लिटरच्या रेघा होत्या. कसम मोडली नाही, फक्त कॅन आणला. म्हटलं, आता याने मोजत जा. तू तो उलटापालटा करून पाहिलास, वा वा केलंस, आणि दुसऱ्या दिवशी त्यात ज्वारी भरून झाकण लावलंस. मी विचारलं तर म्हणालीस, "मस्त हाय वं, उंदीर जात नाई." तुझ्याशी वाद घालायचा म्हणजे असा. शेवटी जेव्हा माझं फारच वाढायचं, तेव्हा तू हळूच म्हणायचीस, "तुया शायेतला माठ कोन भरते, मास्तरीनबाई?" शाळेच्या माठातही तीच शिल्लक होती. दोन दिवस मी विषय सोडायचे आणि पुन्हा सुरू करायचे.

आज वाटतं, त्या भांडणासाठीच मी संध्याकाळी तुझ्याकडे यायचे. चहा निमित्त होता.

मग तुझे पाय सुजायला लागले. आपल्याकडे घरटी कुणाला ना कुणाला मुतखडा, त्यामुळे कंबर दुखते म्हटलं की कुणी मनावर घेत नाही. तूही घेतलं नाहीस. सलीमने ओढून अकोल्याला नेलं तेव्हा दोन्ही किडन्या गेल्या होत्या. पाण्यामुळे की साखरेमुळे, ते डॉक्टरने नक्की सांगितलं नाही. मी विचारलंही नाही, विचारून काय करणार होते? तिथेच सलीमच्या गॅरेजच्या मागच्या खोलीत तुझी खाट पडली. आठवड्यातून दोनदा मशीनवर. रविवारी आणि सुटीच्या दिवसांत मी यायचे.

डॉक्टर म्हणाला, "दिवसाला पाऊण लिटर पाणी. त्यापेक्षा जास्त नाही."

तू माझ्याकडे पाहिलंस. तू आळीला दोन हजार लिटर वाटणारी बाई, आणि डोळ्यांनी विचारत होतीस, पाऊण लिटर म्हणजे किती?

मी तुझा घरचा जर्मनचा पेला आणला होता. बाटलीने मोजला. दोनशे मिलिलिटर. म्हणजे पावणेचार पेले, त्यात चहा आला, वरण आलं, गोळ्या गिळायचं पाणी आलं. तुला सांगितलं तर तू म्हणालीस, "वरनातलं पानी कसं मोजतं वं? गाळून?" मी हसले. तूही हसलीस. मग छताकडे पाहत म्हणालीस, "डॉक्टरनं मले बारा मयन्याचे रोजे लावले. पन रोजा तं संध्याकायी सुटते ना वं." मी पेला पुसत राहिले, तो कोरडा झाला तरी पुसत राहिले.

मला ते जमत गेलं, याचंच मला दुःख आहे. गुंडाचे लिटर, लिटरचे पेले, पेल्याचे घोट. जन्मभर पोरांना शिकवलं ते गणित मी तुझ्या उशाशी बसून सोडवत होते, आणि एकदाही चुकले नाही.

त्या दुपारी तू अर्धा पेला मागितलास. उन्हाने पत्रे तापले होते, पंखा गरम हवा फिरवत होता. तुझा दिवसाचा वाटा संपला होता. तू म्हणालीस, "अर्धा दे. जास्त नाई, अर्धा." मी नाही म्हटलं. आधीच्या आठवड्यात तुझ्या छातीत पाणी भरलं होतं आणि तू बुडणाऱ्या माणसासारखी श्वास घेत होतीस, ते मी पाहिलं होतं. आज पुन्हा ती दुपार आली तरी मी पाणी देणार नाही. ओला रुमाल तुझ्या ओठांवरून फिरवला. तू रागावली नाहीस. रागावली असतीस तर बरं झालं असतं. नुसतं म्हणालीस, "मी सांगत होती ना, तुया लिटरात शिल्लक नसतेच." आणि भिंतीकडे तोंड केलंस. तसंच पडून विचारलंस, "आज टँकर आला असंन का वं?"

तुला गावात आणलं त्या दिवशी टँकर नव्हता. तुझ्या शेवटच्या अंघोळीला खारं पाणी वापरायचं का, असं कुणीतरी विचारलं. तेवढ्यात घराघरातून बायका निघाल्या. ज्यांच्या रांजणात तळाला पाणी होतं त्यांनी रांजण कलता करून आणलं. वेणूबाईने आणलं. आत तुझ्या नात्यातल्या बायकांनी बोरीची पानं घालून पाणी कोमट केलं, मी दाराबाहेर उभी राहून भांडी आत देत होते. तुझ्या दारात इतकं गोडं पाणी एकदम जमलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मला त्याचा राग आला. का आला ते सांगता येत नाही, पण आला.

आता सलीमचं. पोरगा वाईट नाही, हमीदा, तुझ्यावर फार जीव आहे त्याचा. गुंड खाली ठेव म्हटल्यावर त्याने ठेवला. पण त्याला काही कळेना. त्या दिवशी टँकर यायचा होता, त्यामुळे टाक्याभोवती आळीतल्या सगळ्या बायका आधीच जमलेल्या.

"बाई, काय झालं? पोचा काढून आनतो. अम्मीले लई लाज वाटे त्याची, पाव्हन्यायसमोर आनत नोती. कारागीर म्हन्ला, पुरा वीसचा करून देतो. वरून अम्मीचं नाव टाकतो आन आळीले देऊन टाकतो. थिची आठवन."

मी म्हटलं, "राहू दे पोचा."

"काहून पन?"

हमीदा, तीस वर्षं मी 'कारण सांगा' म्हणून पोरांचे कान पिळले. त्या दिवशी माझ्याकडे कारण होतं आणि ते उघडायचं नव्हतं. ज्याची तू कसम घातलीस, तोच समोर उभा होता. मी काहीतरी बोलले. जुनं भांडं आहे, ठोकताना फुटेल, पितळ पातळ झालंय. सलीम म्हणाला, फुटत नाही, कारागीर पक्का आहे. मी म्हटलं, दिसायला असाच चांगला दिसतो. बायका माझ्या तोंडाकडे पाहायला लागल्या. जिने आयुष्यभर तिरकी रेघ पुसून सरळ काढायला लावली, तिला वाकडा गुंड चांगला दिसतो म्हणे! सलीमने दोरी पुन्हा हातात घेतली.

तेव्हा वेणूबाई बोलली. "सल्या, ठेव थो गुंड. पोचा काढला का शिल्लक जाते."

मी तिच्याकडे वळले. "कसली शिल्लक, वेणूबाई?"

"आता तुमी काहून येड घेऊन पेडगावले जाऊन राहिल्या, बाई? टाक्यातली. आमच्या घरचा गुंड हमीदाबीच्या गुंडानं कधी गळ्यालोक भरला का? दर टँकरले चार बोटं खाली. सारायच्याच घरी खाली."

बाकीच्या बायकांनी माना हलवल्या. एकीनं म्हटलं, पोचा काय झाकलेला होता का, परातीएवढा तर आहे. दुसरी म्हणाली, माझ्या सासूनं मला लग्न होऊन आले तेव्हाच सांगितलं होतं.

मी विचारलं, "मग कधी बोलल्या का नाहीत?"

वेणूबाई पदर सावरत म्हणाली, "बोलून काय करता? तिले वाटे कोनाले माईत नाई. वाटू देल्लं. माया नातीच्या वक्ती थेच पानी आलं ना माया घरी. आन कोंबडीचं भांडन होतं तरी आलं." मग म्हणाली, "तसं थ्या साली उन्हाया सारा मायं तोंड पाह्यलं नाई तिनं. पन पानी आलं."

बघ आता. आपण दोघी तुझ्या चुलीपाशी बसून, दार लोटून, आवाज खाली करून ज्या गोष्टीवर वर्षानुवर्षं भांडलो, ती सगळ्या आळीला पहिल्या दिवसापासून माहीत होती. मी म्हणायचे, लोकांना सांग. तू म्हणायचीस, सांगितलं तर भांडण होईल. लोक आपल्या घरचा चार बोटं कमी गुंड उचलून नेत होते आणि तुझं गुपित तुला सांभाळू देत होते. मीही चुकीची आणि तूही चुकीची. मला हसू आलं आणि मग रडू आलं, तिथेच, सगळ्यांसमोर. तू गेलीस त्या दिवशी मी रडले नव्हते.

तुला हे कळायला हवं होतं गं. त्या पत्र्याच्या खोलीत, अर्धा पेला मागताना, तुला हे माहीत असायला हवं होतं की तू चोरून काही करत नव्हतीस. ते सांगायला मला फार उशीर झाला, कारण मलाही माहीत नव्हतं.

सलीमने गुंड उचलला, पोचा हाताने चाचपून पाहिला. "अम्मी मले कधी बोलली नाई," म्हणाला. वेणूबाई म्हणाली, "नाव टाकाचं तं पोच्याच्या वर टाक. मंजे कोनी ठोकाले नेनार नाई." त्याने मान हलवली.

तेवढ्यात टँकर आला. पाइप टाक्यात पडला, पाण्याचा तो आवाज झाला. एरवी त्या आवाजाला तू पदर खोचून पुढे व्हायचीस. तू अकोल्याला गेल्यापासून जी पुढे होईल ती तुझ्या गुंडाने वाटायची, पण त्या दिवशी सगळ्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. मग वेणूबाईने गुंड माझ्या पायाशी आणून ठेवला. "बाई, तुमी मोजा. तुमाले मोजाची तशीही लई हौस."

मी म्हटलं, माझं वय झालं, माझी कंबर दुखते, मला झेपणार नाही. कुणी ऐकलं नाही. गुंड उचलला. पोच्याची बाजू कमरेला लावली. इतकी वर्षं तू सांगायचीस, मी कधी उचलून पाहिला नव्हता. बसतो, हमीदा, अगदी बरोबर बसतो.

एकेक घर येत गेलं. काठोकाठ भरायचा, ओतायचा. प्रत्येकीच्या भांड्यात पाणी गळ्याच्या चार बोटं खाली थांबत होतं, आणि मी पहिल्यांदा त्या चार बोटांकडे पाहत होते. एकीनेही "भर ना अजून" म्हटलं नाही. माझे हात भरून आले, खांदा गळून गेला. शेवटचं घर झालं आणि मी टाक्यात वाकून पाहिलं. शिल्लक होती. माझ्या तोंडाकडे सगळ्या पाहत होत्या, आता कुणाच्या घरी जाणार म्हणून.

मी घरी गेले आणि तुझा जर्मनचा पेला आणला. तो मी अकोल्याहून आणून माझ्या फळीवर ठेवला होता, सलीमला सांगितलं नव्हतं. टाक्यातून अर्धा पेला पाणी घेतलं. अर्धाच. जास्त घेतलं असतं तर तूच शिव्या घातल्या असत्या, मातीवर काय ओततेस म्हणून. सलीमच्या हातात दिला. "आज जुम्मा आहे. कब्रस्तानात जाशीलच. हे अम्मीवर शिंपड."

"येवढंच, बाई?"

"तिनं एवढंच मागितलं होतं."

तो पेल्यावर हात झाकून चालत गेला, मोटरसायकल तिथेच ठेवून.

बाकीचं पाणी कोपऱ्यावरच्या घरी गेलं. त्यांची सून दोनच दिवसांपूर्वी बाळंत झाली होती, मुलगी आहे. किती लिटर उरलं होतं, ते मी मोजलं नाही.